माउलीचे नाव काय?

ज्येष्ठात मुक्ताबाईंची पालखी देऊळगाव राजाकडून जालन्यास येते आणि अंबड, वडीगोद्री करीत, शहागडला गोदावरी ओलांडून गेवराईकडे निघून जाते. आषाढी झाल्यावर शेगावच्या गजानन महाराजांची पालखी परतीच्या प्रवासात हाच रस्ता उलट्या दिशेने चालते व जालन्याहून सिंदखेडराजाकडे वळते. म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या वाट्याला वारी दोनदा येते, एकदा जाताना आणि एकदा येताना. पंढरीस न गेलेल्यांनाही तिचा लाभ घडतो तो याच रस्त्यावर. कोणी चहाचे पातेले चढवितो, कोणी पिठले-भाकरीची पंगत मांडतो, कोणी नुसतेच पाय चेपावयास बसतो. या साऱ्या देण्याघेण्यात एक गोष्ट कोणीच विचारीत नाही, ती म्हणजे नाव. वाढणारा ‘घ्या माउली’ म्हणतो, घेणारा ‘पुरे माउली’ म्हणतो. गावात ज्याच्या नावामागे ‘साहेब’ लावल्यावाचून कोणी बोलत नाही तो, आणि ज्याला पन्नाशी उलटली तरी एकेरी हाक चुकत नाही तो, असे दोघेही या रस्त्यावर एकाच नावाचे होतात.

हे सारे ठाऊक असूनही आजच्या एकादशीच्या दिवशी आम्ही एक रूक्ष प्रश्न हाती घेत आहोत. यात्रेला, उत्सवाला, मेळ्याला येणाऱ्या प्रत्येकाने आपल्या खऱ्या नावाने, ओळखपत्र दाखवून, आगाऊ नोंदणी केलीच पाहिजे काय? प्रश्न काल्पनिक नाही. २०२० च्या मार्चमध्ये बंद झालेली मंदिरे त्याच वर्षीच्या १६ नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी, उघडली तेव्हा पंढरपुरास दर्शनासाठी आधी नाव नोंदवावे लागले. २०२१ च्या आषाढीला तर दहा मानाच्या पालख्या, प्रत्येकीबरोबर चाळीस वारकरी आणि दोन बसगाड्या, एवढीच वारी झाली. एवढ्या मोठ्या सोहळ्याची चारशे नावांची यादी झाली. त्या यादीत मुक्ताबाईंची पालखीही होती. त्या काळात ते अपरिहार्य होते आणि वारकऱ्यांनी ते सोसले. परंतु एकदा जमलेली सवय शासनयंत्रणेला सहसा सोडवत नाही. पंढरपुरात २०२५ साली टोकन दर्शनाची चाचणी झाली. केदारनाथ-बदरीनाथास नोंदणीवाचून जाता येत नाही, अमरनाथास नोंदणीबरोबर वैद्यकीय दाखलाही लागतो, आणि २०२२ पासून यात्रेकरूच्या गळ्यात लहरींवरून ठावठिकाणा सांगणारे कार्डही आले आहे. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या २०२७ सालच्या सिंहस्थपर्वण्या जवळ येत आहेत, आणि समृद्धी महामार्ग झाल्यापासून जालन्याहून नाशिक काही तासांवर आले आहे. तेव्हा हा प्रश्न आपल्या दारात आलाच आहे असे समजावे.

नोंदणीच्या बाजूने जे बोलतात त्यांचे म्हणणे आधी नीट ऐकून घेणे आवश्यक आहे, कारण त्यांच्या म्हणण्याला माणसांच्या मृत्यूंचा आधार आहे. २५ जानेवारी २००५ रोजी वाई तालुक्यात मांढरदेवीच्या डोंगरावर चेंगराचेंगरीत सुमारे तीनशे माणसे गेली. त्यापूर्वी २७ ऑगस्ट २००३ रोजी नाशिकच्या सिंहस्थात ३९ जण चिरडले गेले. २०१३ च्या जूनमध्ये केदारखोऱ्यात प्रलय झाला तेव्हा पाच हजारांहून अधिक यात्रेकरू व स्थानिक लोक मृत किंवा बेपत्ता झाले. त्या वेळी डोंगरात नेमके किती व कोण होते याची एकही धड यादी कोणाजवळ नव्हती. महाराष्ट्रातील कित्येक घरांनी महिनोन्‌महिने ‘गेला’ असेही म्हटले नाही आणि ‘आहे’ असेही म्हणता आले नाही. ज्या घरात दहाव्याचा पिंड ठेवावा की न ठेवावा हेच ठरत नाही, त्या घराला नोंदणीचे महत्त्व दुसऱ्या कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. २०२५ च्या २९ जानेवारीला मौनी अमावास्येस प्रयागला जी दुर्घटना घडली, तीनंतरही आपल्या माणसांची छायाचित्रे हातात धरून इस्पितळे धुंडाळणारे नातेवाईक साऱ्या देशाने पाहिले.

याखेरीज एक व्यवहाराचा मुद्दा आहे. राज्य शासनाने २०२३ साली वारकऱ्यांसाठी विमाछत्र योजना जाहीर केली. वारीच्या तीस दिवसांत मृत्यू ओढवल्यास वारसांना पाच लाख रुपये मिळावेत अशी तिची मूळ कल्पना. मग मेलेला माणूस वारकरी होता हे सिद्ध कशाने करावयाचे? गळ्यातल्या तुळशीच्या माळेने? माळ तर महाराष्ट्रात लाखोंच्या गळ्यात आहे. पुढे २०२४ साली प्रत्येक दिंडीस वीस हजार रुपये देण्याचे ठरले, तेव्हा दिंड्यांची नोंद आलीच. शासन काही देऊ लागले की ते आधी नाव विचारते, यात शासनाला फार दोष देता येत नाही.

तेव्हा नोंदणी म्हणजे निव्वळ सरकारी जाच, असे म्हणून मोकळे होण्याची सोय नाही. आणि वारीला किंवा तीर्थयात्रेला नोंदणी ठाऊकच नव्हती असेही नाही. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर येथील क्षेत्रोपाध्यायांच्या वह्या ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना आम्ही काय म्हणतो ते कळेल. जालन्याकडचा कोणी कुणबी किंवा वाणी त्र्यंबकेश्वरास जातो, गाव सांगतो, आणि उपाध्याय माडीवरून लाल बासनातली वही काढून त्याच्या पणज्याचे नाव वाचून दाखवितो. कधी कधी खाली पणज्याची स्वतःची सही किंवा अंगठा असतो. असा प्रसंग ज्याच्यावर आला तो तेथून हललेला कोणी पाहिलेला नाही. परंतु या वहीची तऱ्हा लक्षात घेण्यासारखी आहे. तेथे नाव दर्शनाची अट म्हणून घेतलेले नाही. यात्रेकरूने ते आपल्या नातवंडांसाठी, हौसेने, कार्य आटोपल्यावर लिहून ठेविले आहे. ज्याने लिहिले नाही त्याची गोदावरी काही अडली नाही.

दिंडीचेही तसेच आहे. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीसोबत चालणाऱ्या दिंड्यांना, हैबतबाबा आरफळकरांनी घालून दिलेल्या शिस्तीप्रमाणे, रथापुढील आणि रथामागील असे क्रमांक आहेत. प्रत्येक दिंडीला विणेकरी आहे, चालक आहे, आणि चालकाजवळ एक वही आहे. तीत कोणी भिशीचे किती दिले, कोण कोणत्या गावचा, कोणाला रक्तदाबाची गोळी लागते, कोणाचा मुलगा मुंबईस आहे, हे सारे, निदान चालकाच्या डोक्यात तरी, असते. संध्याकाळी समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावतो, तसा टाळ-मृदंगाचा एवढा गजर क्षणात थांबतो, आणि हरवले-सापडलेले पुकारले जाते. एखाद्या दिंडीचे टाळ वाजतच राहिले तर त्या दिंडीची काही तक्रार आहे असे समजून ती ऐकून घेतली जाते. ही व्यवस्था दोनशे वर्षांच्या आसपास चालत आली आहे. तीत नाव आहे, परंतु ते नाव माणसाच्या शेजारी चालणाऱ्यापाशी आहे. जो उद्या तुमच्या पायाला तेल चोळणार, किंवा दुर्दैव ओढवले तर तुमच्या घरी निरोप नेणार, त्याच्यापाशी ते आहे. पंढरपूरच्या महाद्वारापाशी बसलेल्या अनोळखी कारकुनाला ते ठाऊक असण्याचे कारण आजवर पडले नाही.

मुद्दा हा की नाव विचारणारा कोण, आणि ते पुढे कोठे जाते. जालना जिल्ह्यातील माणसाला हे दुसऱ्या कोणी शिकवावयास नको. २०२३ च्या सप्टेंबरपासून अंतरवाली सराटीच्या आंदोलनानंतर या जिल्ह्यात, आणि मग साऱ्या मराठवाड्यात, घराघराने एकच शोध चालविला: आजोबा-पणजोबांच्या नावापुढे ‘कुणबी’ असे कोठे लिहिले आहे काय? निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने त्यासाठी निजामकालीन दप्तरे उघडविली. मोडी वाचणारे, उर्दू-फारसी वाचणारे शोधावे लागले. जन्ममृत्यूची रजिस्टरे, शाळांचे दाखले, जमिनीचे कागद, इतकेच काय, पोलिसांकडील व तुरुंगातील नोंदीसुद्धा तपासण्यात आल्या. पुढे २ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेटियरच्या आधाराने प्रमाणपत्रे देण्याचा शासननिर्णय निघाला. त्या मागणीच्या गुणदोषांत आम्ही येथे शिरत नाही. परंतु विचार करावा. शंभर वर्षांपूर्वी एखाद्या गावकामगाराने सारावसुलीसाठी किंवा कैद्यांची मोजदाद ठेवण्यासाठी दोन अक्षरे लिहिली, आणि आज त्या दोन अक्षरांवर त्याच्या पणतवाचे शिक्षण व नोकरी अवलंबून आहे. कागद लिहिणाऱ्याच्या हेतूशी कधीच इमान राखीत नाही. येथे ते एखाद्याच्या पथ्यावर पडले, दुसरीकडे एखाद्याच्या जिवावर उठले असते. यात्रेत घेतलेले नाव, जात सांगणारे आडनाव, मोबाइलचा क्रमांक आणि अंगठ्याचा ठसा उद्या निवडणुकीच्या वर्षी कोणाच्या हाती पडेल, आणि तो त्याचे काय करील, हे आज नोंद घेणाऱ्या स्वयंसेवकास ठाऊक नाही. त्या बिचाऱ्याचा हेतू शुद्धच असतो.

ज्यांच्या जिवावर ते खरोखरच उठले असे लोकही याच मुलखात आहेत. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. निजामाच्या राज्यातही त्याच धर्तीचे नियम होते. पारधी, कैकाडी अशा जमातींतील माणसांची नावे जन्मानेच पोलिसांच्या वहीत चढत. ठरल्या वेळी हजेरी, गाव सोडावयाचे तर परवाना. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्यांची सुटका झाली, म्हणून त्यांस विमुक्त म्हणावयाचे. या लोकांचे पोट जत्रेवर असते. पिढ्यान्‌पिढ्या जत्रेच्या तोंडाशी उभा राहून नाव विचारणारा माणूस त्यांनी पाहिला तो खाकी वेषातला. आज आपण स्वच्छ हेतूने टेबल मांडून ‘नाव सांगा, कागद दाखवा’ म्हटले तर त्यांतला शहाणा माणूस काय करील? तो गर्दीतून गुपचूप मागे फिरेल. तो मागे फिरला हे आपल्या नोंदवहीत कोठेही दिसणार नाही, आणि संध्याकाळी आपण समाधानाने सांगू की नोंदणी सुरळीत पार पडली.

आता ‘खरे नाव’ या शब्दाकडे वळू. तो दिसतो तितका सोपा नाही. आमच्या आयाबहिणींचे खरे नाव कोणते? माहेरी ठेविलेले की लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने कोरलेले? पाळण्यातली कौसल्या सासरी सुमन झालेली असते, शिधापत्रिकेवर एक, आधारवर दुसरे, आणि बँकेच्या पुस्तकात पहिल्याचा अपभ्रंश. हा गोंधळ निस्तरण्यासाठी तालुक्याला चार खेपा घातलेली बाई वारीच्या रांगेत पुन्हा त्याच प्रश्नापुढे उभी राहणार. दारूड्या नवऱ्याच्या, जाचक दिराच्या नजरेआड चार दिवस देवाच्या दारी निवांत बसावे म्हणून निघालेली बाई तर बोलूनही दाखविणार नाही की आपले नाव कागदावर का नको. वारीत चालणाऱ्यांत बायकांचा भरणा मोठा असतो. त्यांना वर्षभरात ‘अमक्याची बायको, तमक्याची आई’ यापलीकडचे नाव मिळते ते याच वाटेवर, आणि ते ‘माउली’ असते.

आणि संत? जांब समर्थला सूर्याजीपंत ठोसरांच्या घरी १६०८ साली रामनवमीला जन्मलेल्या मुलाचे नाव नारायण. तो घरातून नाहीसा झाला, नाशिकजवळ टाकळीस राहिला, आणि जगाला दिसला तो रामदास म्हणून. त्या वेळी टाकळीच्या घाटावर कोणी ओळखीचा कागद मागितला असता तर रामदास नावाचा मनुष्य अस्तित्वातच नव्हता. आणि नारायण ठोसर सांगावा, तर घरचे लोक दुसऱ्याच दिवशी न्यावयास आले असते. शेगावला २३ फेब्रुवारी १८७८ रोजी जो पुरुष प्रथम लोकांच्या दृष्टीस पडला त्याचे खरे नाव, गाव, आईबाप कोणालाही ठाऊक नव्हते, आजही नाहीत. गजानन हे लोकांनी दिलेले नाव. शिर्डीच्या साईबाबांविषयी तर नावाबरोबर धर्माचीही खात्री कोणी देऊ शकले नाही. महाराष्ट्रातील दोन सर्वांत गजबजलेली देवस्थाने ज्यांच्या नावाने उभी आहेत ते दोघे आपल्याच दाराशी ‘नोंदणी अपूर्ण’ म्हणून थांबले असते. यात थोडी थट्टा आहे हे आम्हांस मान्य आहे. शेगावच्याच पालखीतील सुमारे सातशे वारकरी नेमलेले, गणवेशातले आणि शिस्तीचे असतात, आणि त्या शिस्तीचे कौतुक आम्हीही करतो. पण तो संस्थानाने आपल्या दिंडीपुरता लावलेला नियम आहे. रस्त्याच्या कडेला हात जोडून उभ्या राहिलेल्या माणसाला तो लागू नाही.

आडनावाची गोष्ट थोडी अधिक कडवट आहे. महाराष्ट्रात आडनाव उच्चारले की ऐकणारा मनातल्या मनात जातीचा रकाना भरतो, आणि ज्यांचे आडनाव त्यास फसविते त्यांना ‘मूळ गाव कोणते’ असे विचारले जाते. चोखोबांना महाद्वाराबाहेर थांबावे लागले ते त्यांना कोणी ओळखत नव्हते म्हणून नव्हे, सारे ओळखत होते म्हणूनच. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात प्राण पणाला लावून उपोषण केले तेव्हा कोठे विठ्ठलाचे दार सर्वांना उघडले. ते दार उघडले याचा अर्थच हा, की दारातून जाणाऱ्याला ‘तू कोण’ असे विचारण्याचा अधिकार कोणालाही उरला नाही. तोच प्रश्न सुरक्षिततेच्या किंवा सोयीच्या नावाने परत येत असेल तर तो कोणत्या वेषात आला आहे हे आधी पाहावे लागेल.

आणि तो वेष कधी कधी फार पातळ असतो. २०२५ च्या नवरात्रात विश्व हिंदू परिषदेने गरब्याच्या मंडळांना सूचना केली की प्रवेश केवळ हिंदूंनाच द्यावा आणि त्यासाठी आधार कार्ड तपासावे. येथे नाव विचारण्याचा हेतू चेंगराचेंगरी टाळणे हा नव्हता, हरवलेले मूल शोधणे हाही नव्हता. नाव हे चाळणीचे काम करणार होते. स्त्रियांची छेडछाड होऊ नये ही चिंता रास्त आहे. परंतु छेड काढणाऱ्याचे नाव कोणत्या धर्माचे असते याचा अनुभव स्त्रियांना विचारला तर उत्तर निराळे येईल. छेडछाडीला उपाय आहेत: उजेड, महिला पोलीस, आणि तक्रार आली की ताबडतोब हात धरणारा कार्यकर्ता. वारकरी परंपरेत श्रीगोंद्याचे शेख महंमद आहेत, लतीफशहा आहेत. २०२३ साली आषाढी आणि बकरी ईद एकाच दिवशी, २९ जूनला, आली तेव्हा राज्यातील अनेक गावांतील मुसलमानांनी त्या दिवशी कुर्बानी न देण्याचा निर्णय आपणहून केला. जालन्यासारख्या मिश्र वस्तीच्या गावात सण असे साजरे होतात. तेथे दारात कागद तपासणारा बसविला म्हणजे काय मोडते, ते मोडल्यावरच कळते.

कायद्याची बाजूही थोडक्यात सांगतो. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितले. २६ सप्टेंबर २०१८ च्या आधारविषयक निकालाने खाजगी संस्थांना आधारची सक्ती करण्याचा मार्ग बंद केला. म्हणजे एखाद्या उत्सव मंडळाला ‘आधार दाखवा नाहीतर परत जा’ असे म्हणण्यास कायद्याचा टेकू नाही. २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्याचे तत्त्व असे की ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामासाठी वापरावी आणि काम संपल्यावर पुसून टाकावी. शासनाने स्वतःसाठी त्यातून बऱ्याच सवलती ठेविल्या आहेत, हेही खरे.

मग मांढरदेवीचे काय, केदारनाथचे काय? आम्हांस असे वाटते की या दोन घटनांचे धडे निरनिराळे आहेत आणि त्यांची गल्लत झाल्यामुळेच वाद भरकटतो. केदारनाथ हा अकरा-बारा हजार फुटांवरचा, एकच वाट असलेला डोंगर. तेथे कोण वर गेले व कोण खाली उतरले हे ठाऊक असणे म्हणजे शोधपथकाच्या हाती दिवा देणे होय. तेथे नोंदणी हवीच, आणि यात्रा संपल्यावर ती वही मिटावी. मांढरदेवीला मात्र अरुंद पायऱ्या, फुटलेल्या नारळांच्या पाण्याने झालेला निसरडा, वाटेवर दाटीने थाटलेली दुकाने आणि मागून रेटणारी गर्दी यांनी माणसे मारली. त्या तीनशे जणांची नावे पायथ्याशी लिहून घेतली असती तर प्रेते ओळखावयास मदत झाली असती. पायरी एक वीतभरही रुंद झाली नसती. गर्दीला हवी असते ती संख्या. किती माणसे आत गेली, किती बाहेर पडली, आणि अमुक आकडा झाला की खालचे दार कोणी लावावयाचे. ही मोजदाद नाव न विचारता करता येते. प्रयागला २०२५ साली कॅमेऱ्यांवरून गर्दी मोजण्याची यंत्रे होती. तरीही माणसे गेली, कारण मोजल्यानंतरचे काम माणसांनीच करावयाचे असते. (याच कॅमेऱ्यांना चेहरे ओळखता येऊ लागले आहेत. तेव्हा उद्या नाव न विचारताच ते लिहून घेतले जाईल, हा धोका नोंदवून ठेवतो.)

राजूरच्या अंगारकीची रात्र ज्यांनी अनुभवली आहे त्यांना आणखी सांगावयास नको. जालन्याहून, भोकरदनहून, आडगल्ल्यांतून आणि शेतांच्या बांधांवरून माणसे अनवाणी निघतात. कोणी नवस फेडावयास, कोणी नुसतेच सोबतीला म्हणून. वाटेवर फराळाचे, चहाचे मांडव. या रस्त्याला दार नाही. जेथे दार नाही तेथे नोंदणीचे टेबल मांडावयाचे म्हणजे आधी दार बांधावे लागेल, आणि दार बांधले की दाराशी गर्दी होईल. अंबडला नवरात्रात मत्स्योदरीच्या टेकडीवर आणि आज जुन्या जालन्यात आनंदी स्वामींच्या यात्रेतही हेच. एका रांगेतली माणसे कागदासाठी थांबविली तर रांग लांबते, आणि लांबलेली, चिडलेली, उन्हातली रांग हीच खरी धोक्याची जागा.

नावे विचारावयाचीच असतील तर ती विचारण्याची जागा दुसरी आहे. मांडव कोणी घातला, विजेची जोडणी कोणी केली, तात्पुरता पूल कोणी बांधला, महाप्रसादाचा स्वयंपाक कोणाच्या हातचा, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चाळीस माणसे भरून आणणारा चालक कोण, यात्रेच्या ठेक्याची पावती कोणाच्या नावे, गर्दीचा आकडा ओलांडल्यावर दार बंद करण्याची जबाबदारी कोणाची, ही सारी नावे, खरी, पूर्ण आणि सहीनिशी, यात्रेच्या आधी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली पाहिजेत. आजवरच्या दुर्घटनांनंतर आपल्याला मृतांची नावे कळली, जबाबदारांची नावे कळावयास मात्र आयोगच नेमावे लागले. येणाऱ्याची ओळख पक्की आणि बोलावणाऱ्याची मोघम, हा उलटा न्याय झाला.

राहता राहिले हरवणारे म्हातारे आणि लहान मुले. त्यांच्यासाठी दिंडीचीच रीत पुरेशी आहे, ती फक्त थोडी वाढवावी लागेल. सिंहस्थाला जालन्याहून जे जथे जातील त्यांच्या म्होरक्याने आपापली यादी करावी, एक प्रत गावात ठेवावी, एक आपल्या खिशात, आणि परतल्यावर दोन्ही फाडाव्यात. विम्याचा लाभ द्यावयाचा तर म्होरक्याचा दाखला शासनाने ग्राह्य धरावा. प्रत्येकाच्या बंडीच्या किंवा लुगड्याच्या आतल्या बाजूस कापडाची एक पट्टी शिवावी. तिच्यावर गावाचे नाव आणि म्होरक्याचा मोबाइल क्रमांक, एवढेच. माणसाचे स्वतःचे नाव तीवर असावे की नसावे हे ज्याचे त्याने ठरवावे. घनसावंगी, अंबड, परतूर, मंठा या तालुक्यांतून ऊसतोडीला बैलगाड्यांनी बाहेर पडणाऱ्या घरांत मुलांच्या हातावर गाव आणि फोनचा आकडा शाईने लिहून ठेवण्याची युक्ती बायाबापड्यांना सुचते. तिला कोणी नोंदणी म्हणत नाही.

शेगावची पालखी आता परतीच्या वाटेला लागेल. ती शहागडला येईल तेव्हा पंगत वाढणाऱ्यांनी या वर्षीही पाने मोजून ठेवावीत. किती जेवले हे कळले म्हणजे पुढच्या मुक्कामाला निरोप धाडता येतो की पीठ किती मळावयाचे.